एका हाकेचं शून्य

वादळाला सात वर्षं झाली, तेव्हा शहर पूर्ण सावरलं असं पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजता जाहीर करायचं ठरलं. सावरलंस का, असं शहराला कुणी विचारलं नाही. नगराध्यक्षांनी प्रमाणपत्र छापून आणलं होतं, त्याला चौकट बसली होती, भिंतीत खिळाही ठोकून झाला होता. एवढं झाल्यावर माघार घेणं म्हणजे खिळ्याचा अपमान. अडचण एकच उरली होती. दारांवरच्या खुणा.

खुणा पेंटरनेच काढलेल्या. पालिकेत पेंटर तो एकटाच, म्हणून त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. नाव होतं ते हजेरीपुस्तकात, आणि हजेरीपुस्तक वादळात वाहून गेलं. वादळानंतर तिसऱ्या दिवशी घरोघर शोध घ्यायला माणसं कमी पडली. साहेबांनी त्याच्या हातात लाल रंगाचा डबा दिला आणि बंदरामागच्या गल्ल्या त्याच्या नावावर केल्या.

नियम सोपा होता. दारापाशी उभं राहून तीन हाका मारायच्या. उत्तर नाही आलं, तर दारावर एक तिरकी रेघ ओढायची आणि आत जायचं. घर सगळं बघायचं, खाटेखाली, माळ्यावर, मोरीत. बाहेर आलं की पहिल्या रेघेवर दुसरी रेघ मारून फुली पुरी करायची, आणि फुलीखाली आकडा लिहायचा, आत किती जण सापडले त्याचा. दारावर एकच रेघ दिसली, तर मागून येणाऱ्याने समजायचं की कोणी आत गेलंय आणि अजून बाहेर आलेलं नाही. ज्या दारावर आकडा, ते घर नंतर माणसांनी हातांनी उपसायचं. ज्या दारावर शून्य, तिथे मशीन लावायचं. मशीनचा पंजा दोन खेपांत खोली रिकामी करत असे, आणि काय उचललं ते बघायला थांबत नसे.

पेंटरने त्या दिवशी सकाळपासून एकतीस दारं केली. एकतिसाव्या दारावर त्याला तीन लिहावे लागले. त्यातला एक तीन वर्षांचाही नव्हता. मग उरलं गल्लीच्या टोकाचं घर. तीन पायऱ्या, लाकडी फळ्यांची जमीन, निळं दार. पुढची खोली धड होती, मागच्या खोलीवर छप्पर बसलं होतं. पेंटर वरच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने एक हाक मारली. कोणी आहे का? मग उंबऱ्याबाहेरच उभं राहून दोन्ही रेघा एकदम ओढल्या आणि खाली शून्य काढलं. शून्य फार सुबक आलं. हात इतका थरथरत असताना एवढं गोल कसं आलं, याचं त्याला आजवर कोडं होतं.

तेव्हापासून त्याच्या हातून शून्य निघेना. सुरुवातीला त्याने ते एका बाजूने उघडं सोडून बघितलं, तर दहा नंबरच्या बसथांब्यावर लोक अठरा नंबरची बस समजून उभे राहू लागले. मग तो आकडे अक्षरांत लिहायला लागला. 'वेगमर्यादा ताशी वीस' ही पाटी वाचायला वाहनांना इतकं हळू व्हावं लागे की त्या वळणावरचे अपघातच थांबले, आणि त्याबद्दल रस्ते विभागाच्या साहेबांना शाल मिळाली. पेंटरला मेमो मिळाला. अक्षरांना रंग जास्त लागतो म्हणून.

आता साहेबांनी त्याला दुसरा डबा दिला. रंग ठरवायला समिती बसली होती आणि तिने अकरा बैठकांनंतर बदामी रंग निवडला होता. नुसता बदामी नाही, प्रसन्न बदामी. दाराचा मूळ रंग कोणताही असो, खुणेच्या जागी प्रसन्न बदामी चौकोन मारायचा. पेंटरने महिनाभर शहर चौकोनी केलं. बंदरामागच्या गल्ल्या शेवटी ठेवल्या, त्यातली ती गल्ली सगळ्यांत शेवटी, आणि त्या गल्लीतलं निळं दार त्याच्याही नंतर.

बरोबर शिडी होता. हाही माणूसच, पण पालिकेत शिडी धरणाऱ्याची वेगळी जागा होती आणि तो ती तेवीस वर्षं धरून होता. शिडीखेरीज तो कशाला हात लावत नसे. ब्रश खाली पडला तर पायाने पेंटरकडे सरकवत असे, उचलत नसे. डबा कुठे सांडू लागला तर डब्याला सांगत असे, की बाबा, तू माझ्या खात्यात येत नाहीस. दाराची खूण छातीच्या उंचीवर असल्यामुळे या महिन्यात शिडीची गरज पडली नव्हती, तरी तो रोज शिडी घेऊन येई आणि ती उघडून वर बसे. वादळानंतरच्या त्या दिवशीही तो असाच गल्लीच्या तोंडाशी शिडी धरून उभा होता. पेंटर आणि तो त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नव्हते. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले होते.

गुरुवारी दुपारी निळ्या दाराला कुलूप होतं. पेंटरला बरं वाटलं. त्याने झटपट चौकोन मारला, फुली गेली, शून्य गेलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तो घरी जाऊन आडवा पडल्यापडल्या झोपला.

शुक्रवारी सकाळी शून्य परत आलं होतं. फुलीही होती वरती, पण फिकट. शून्य मात्र बदामी रंगातून गुलाबी होऊन वर आलं होतं, गालावर लाली यावी तसं.

शिडी ते बघून म्हणाला, "छान दिसतंय पण."

पेंटरने दुसरा हात मारला. दुपारी शून्य पुन्हा वर आलं. तिसरा हात मारला, शनिवारी सकाळी ते हजर. आता गल्ली जमली. निवृत्त पोस्टमन म्हणाला की हे ओल धरल्याने होतं. त्याची बायको म्हणाली की मग ओल गोल कशी धरते. पालिकेपर्यंत बातमी गेली, आणि साहेबांनी चिठ्ठी पाठवली की सदर शून्याने कोणाच्या परवानगीने वारंवार वर येण्याचे ठरवले आहे याचा खुलासा सायंकाळपर्यंत सादर करावा.

खुलासा पेंटरला ठाऊक होता. त्या वेळी दिलेला लाल रंग रस्त्यावरचे पट्टे मारायचा होता, आणि तसल्या लाल रंगावर कितीही पाणचट रंग चढवा, तो आतून झिरपत वर येतो. त्यावर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक हात द्यायचा. लाखेखालून काही वर येत नाही. भांडारात त्याने लाख मागितली होती, पण लाख फर्निचरच्या यादीत आणि पेंटर भिंतींच्या यादीत, म्हणून मिळाली नाही. बाकीच्या गल्ल्यांत त्याने पदरमोड करून स्वतःची लाख वापरली होती. तिची अर्धी बाटली आत्ताही त्याच्या पिशवीत होती. गुरुवारपासून होती. ती त्याने बाहेर का काढली नाही, याचा खुलासा मात्र त्याच्याकडे नव्हता.

शनिवारी तो चौथ्या हातासाठी ब्रश भिजवत होता, तेवढ्यात निळं दार आतून उघडलं.

दारात टेलरबाई होती. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, वय साठीच्या आसपास. तिने टाचण्या काढून पदराला लावल्या आणि पेंटरला सांगितलं की आता पुरे. तीन दिवस तुम्ही ते पुसताय आणि ते पुसलं जात नाही, यातून माणसाने काहीतरी समजून घ्यावं. मग तिला त्याची दया आली असावी. उन्हात उभे आहात, आत येऊन पाणी तरी प्या, म्हणाली.

पेंटर उंबऱ्याशी थबकला. शिडी आत जाऊन बसलासुद्धा.

पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि गिऱ्हाइकांना बसायला दोन स्टुलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खोली नव्याने बांधलेली, भिंती सरळ, आणि एका भिंतीला दांडीवर सात झगे टांगलेले. सगळे एकाच कापडाचे नव्हते, पण सगळे एकाच बेताचे.

पेंटर बघतोय हे टेलरबाईने बघितलं. ते ताईचे, असं तिने सांगितलं. तिची थोरली बहीण. दर वर्षी एक शिवायचा, परत आल्यावर अंगाला यायला नको का. पहिला जुन्या मापाचा आहे. पुढे दर वर्षी कमरेत अर्धा इंच सोडत गेले, या वयात माणूस सुटतं. मागच्या वर्षी खांद्यात थोडं कमी केलं, कारण पाठ वाकत असणार.

मग तिने हकिगत सांगितली, सांगून सांगून गुळगुळीत झालेली. वादळाच्या दिवशी ती पुलापलीकडे गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेली आणि पूल बंद झाला. त्या गडबडीत तिचा पाय मोडला, तिला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं, आणि पाच महिन्यांनी ती कुबड्या घेऊन परत आली, तेव्हा मागची खोली साफ सपाट. वादळाच्या वेळी ताई घरातच होती. पण दारावर शून्य होतं. म्हणजे घर बघितलं गेलं आणि आत कोणी नव्हतं. म्हणजे ताई आपल्या पायांनी बाहेर पडली.

"बाहेर पडली, पण कुणाला नाव-पत्ता सांगणार कसा?" टेलरबाई म्हणाली. "जन्मापासून ऐकू येत नाही तिला. बोलणंही नाही. असेल कुठल्यातरी आश्रमात बसलेली. म्हणून ते शून्य राहू दे, दादा. सरकारी माणसाने बघून लिहिलंय. माझ्याकडे तेवढा एकच कागद आहे, समजा."

पेंटरने पेला खाली ठेवला. गेली सात वर्षं तो स्वतःशी एकच गोष्ट बोलत आला होता, की आत कोणी असतं तर ओ दिली असती. हाक एक असो की तीन, जिवंत माणूस ओ देतं. त्या एका वाक्याच्या आधाराने तो उठत होता, जेवत होता, चौकोन मारत होता. ते वाक्य आता खोलीभर शोधूनही सापडेना.

उठून निघून जाता आलं असतं. लाखेचा एक हात, बदामीचा एक हात, सोमवारी अकरा वाजता शहर सावरलं. किंवा शून्य तसंच ठेवून खुलाशात ओल लिहिता आली असती, आणि पुढच्या वर्षी आठवा झगा झाला असता, कमरेत अजून अर्धा इंच सोडून. दोन्ही वाटा त्याला स्पष्ट दिसत होत्या.

"बाई, ते मी लिहिलंय," तो म्हणाला. "मी आत आलो नव्हतो."

टेलरबाईने मशीनवरचा कपडा उगाचच घडी केला. मग उलगडला. मग हळू आवाजात विचारलं की आत नाही म्हणजे कुठवर. पेंटरने सांगितलं, पायरीवर. पायरीवरून एक हाक मारली. एकच.

ती उठली, मागच्या खोलीत गेली. आता ही रडेल किंवा कात्री घेऊन येईल असं शिडीला वाटलं आणि तो सवयीने शिडी धरायला बाहेर जाऊ लागला. पण टेलरबाई मागच्या खोलीतल्या भिंतीशी पाठ लावून उभी राहिली आणि तिने पुढच्या खोलीकडे बघत डोळे मिटले.

"या आत," ती म्हणाली. "पायरीपासून या. चालत."

पेंटर बाहेर गेला. वरच्या पायरीवर उभा राहिला. मग उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत आला, एक पाऊल, दोन पावलं. फळ्या जुन्याच होत्या. त्याच्या जड चपलांखाली त्या दबल्या आणि कुरकुरल्या. मागच्या खोलीत खिडकीवरची टाचण्यांची डबी किणकिणली.

"कळलं," टेलरबाई डोळे मिटूनच म्हणाली. "आम्ही तिला असंच बोलवायचो. पाय आपटून. फळ्यांतून तळव्याला कळायचं तिला, चुलीपाशी असली तरी. माझा पाय कुठला आणि परक्याचा कुठला, तेसुद्धा. हाका कशाला मारत बसलात? नुसतं आत पाऊल टाकलं असतं तरी तिने काहीतरी वाजवलं असतं."

डबीतल्या टाचण्या थांबायला वेळ लागला.

मग तिने त्याला सगळं घर बघायला लावलं. नियम काय होता तो सांगा, म्हणाली, आणि नियमाप्रमाणे करा. पेंटर गुडघ्यांवर बसून खाटेखाली बघत होता, तिथे दोन ट्रंका आणि एक कुबडी होती. माळ्यावर चढायला शिडी लागली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा शिडीला काम मिळालं. तो खाली शिडी घट्ट धरून उभा राहिला, मान खाली घालून. माळ्यावर कापडाचे तुकडे होते. मोरीत बादली होती. सात झग्यांच्या मागे भिंत होती. टेलरबाई प्रत्येक ठिकाणी त्याच्या मागे उभी राहून तो बघेल तिथे स्वतःही बघत होती, जणू पेंटरच्या डोळ्यांना आज काही वेगळं दिसेल.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, बाई."

"मग आता खरं काय ते लिहा."

बाहेर आल्यावर पेंटरने पिशवीतून लाखेची बाटली काढली. शून्यावर लाख फिरवली. दुसऱ्या रेघेवर फिरवली, बाहेर आल्याच्या. पहिल्या रेघेला हात लावला नाही. लाख सुकेपर्यंत तिघं पायऱ्यांवर बसून राहिले. बदामीची पाळी आली तेव्हा पायरीवर ठेवलेला डबा कलंडून रंग सांडू लागला. शिडी उठला. डब्याकडे बघितलं, इकडेतिकडे कुणी पालिकेचं आहे का ते बघितलं, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा रंगाचा डबा हातात धरला.

"एकच हाक मारलीस," तो डब्यात बघत म्हणाला. "मी मोजली होती. मीही नाही आलो."

रविवार गेला. शून्य परत आलं नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता निळ्या दारावर एक तिरकी लाल रेघ होती, ताज्या रंगाने पुन्हा गिरवलेली. साहेब पाहणीला आले, त्यांनी रेघ पाहिली, नियमपुस्तक मागवलं आणि ते वाचून त्यांचा चेहरा त्याच्या पानांसारखा पिवळा झाला. एकच रेघ म्हणजे शोध सुरू आहे. शोध सुरू असेल तर शहर पूर्ण सावरलं असं म्हणता येत नाही. रेघ पुसायची तर आधी आत गेलेला माणूस बाहेर आला पाहिजे, आणि आत कोण गेलंय याची नोंद व्हायची ती हजेरीपुस्तकात, जे त्याआधीच वादळात वाहून गेलेलं. साहेबांनी पेंटरला निलंबित केलं. मग लक्षात आलं की रेघेवर रंग मारायला दुसरा पेंटर नाही, म्हणून अर्ध्या तासात परत कामावर घेतलं. त्याने नाही म्हटलं, म्हणून पुन्हा निलंबित केलं. प्रमाणपत्र अकरा वाजता टांगलं गेलं. फक्त त्याखाली एक तळटीप हाताने लिहावी लागली, एक दार वगळून.

त्या तळटिपेचं पुढे काय झालं हे बघायला पेंटर थांबला नाही. तो टेलरबाईला आणि शिडीला घेऊन नदीकाठच्या बागेत गेला होता.

ही बाग म्हणजे शहराचा अभिमान. मशीनने उचललेलं सगळं इथे आणून ओतलं होतं, त्याच्या मोठाल्या टेकड्या झाल्या, टेकड्यांवर माती, मातीवर हिरवळ. नाव नवी पहाट उद्यान. सकाळी लोक तिथे पोट कमी करायला फिरतात. कुठल्या गल्लीचा माल कुठे पडला हे कुठल्याही कागदावर नाही. पण टेकड्या नुसत्या मातीच्या होत्या तेव्हा ट्रकवाल्यांसाठी गल्लीगल्लीच्या पाट्या पेंटरनेच रंगवून रोवल्या होत्या, आणि पेंटर आपली पाटी विसरत नाही. त्याने कारंज्यापलीकडची चौथी टेकडी दाखवली.

टेलरबाईने पिशवीतून झगा काढला. सातांतला पहिला, जुन्या मापाचा. कमरेत काही न सोडलेला. तो तिने गवतावर पसरला, खांदे सरळ केले, घडीची रेघ तळव्याने दाबली. मग ती बाजूला सरली आणि पेंटरकडे बघत राहिली.

पेंटरला वाटलं तिला हाक हवी आहे. त्याने घसा साफ केला. कोणी आहे का, एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला आठवलं.

त्याने चपला काढल्या. उजवा पाय उचलला आणि हिरवळीवर आपटला. एकदा. गवताखाली माती भुसभुशीत होती, आवाज असा झालाच नाही, नुसता एक दबका धक्का त्याच्या टाचेतून गुडघ्यात आला. दुसऱ्यांदा आपटला. तेवढ्यात वाटेवरून बागेचा रखवालदार शिट्टी वाजवत, हातातल्या काठीने पाटी दाखवत धावत येऊ लागला. पाटीवर पेंटरच्याच वळणदार अक्षरांत होतं, हिरवळीवर चालू नये. शिडी पुढे झाला, पाटीच्या समोर आपली शिडी उघडून उभी केली आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरून रखवालदाराची वाट अडवून उभा राहिला.

पेंटरने तिसऱ्यांदा पाय आपटला.

मग बाकीच्या दोघांनीही चपला काढल्या आणि तिघं पायांचे तळवे जमिनीला टेकवून उभे राहिले. रखवालदारसुद्धा, शिट्टी तोंडात तशीच ठेवून, का कोण जाणे, थांबला.